भोंगा वाजल्यावर
मकरपुऱ्यातल्या ओतकामाच्या कारखान्यात सलग दुसऱ्या पाळीला उभ्या असलेल्या पृथ्वीराजला डुलकी लागली आणि वितळलेलं लोखंड त्याच्या अंगावर सांडलं. तो वाचला नाही. "पिऊन आला होता," शेठनं चौकशीत सांगितलं. पृथ्वीराजचा धाकटा भाऊ भास्कर तरीही त्याच भट्टीवर मुकाट्यानं राबत राहिला. लोक त्याला लाचार म्हणाले. तो वाट पाहत होता. बाजार खुला झाला आणि शेठला परदेशातली पहिली ऑर्डर मिळाली. काम बघायला तिकडचे पाहुणे आले, त्या संध्याकाळी लोखंड ओतायला तयार झालं आणि पाळी संपल्याचा भोंगा वाजला. भास्करनं हातमोजे काढले. त्याच्यामागे एकेकानं काढले. पुढच्या पाळीची माणसं शेठनं केव्हाच कमी केली होती; दोन्ही पाळ्या हेच ओढत. "भास्करभाई, आटलुं पूरुं करीने जाव ने!" एवढं पुरं करून जा, असं गुजरातीत विनवत शेठ धावत आला. "लोखंड आत थिजलं तर भट्टी फोडावी लागेल!" "माहीत आहे. पण कायद्यानं आमची वेळ संपली." "पाया पडतो तुझ्या." "पाया पडू नका. पृथ्वीराज प्यायला नव्हता, एवढं म्हणा." सगळ्यांसमोर शेठ पुटपुटला, "नव्हता प्यायला." भास्करनं ते नीट ऐकून घेतलं आणि तरीही तो गेटबाहेर पडला. बाकीचेही पडले. गोत्रीतल्या घरी दार उघडताना वहिनी दचकली. "आज एवढ्या लवकर, भावजी?" "लवकर नाही, वहिनी," तो म्हणाला, "वेळेवर."