संयुक्त बैठक

"हात वर करा," निवृत्ती गुरुजी म्हणाले, आणि मखमलाबादच्या त्यांच्या घरात सगळे सरसावून बसले.

ठराव एकच. थोरली लेक शकू मालेगावला सासरी विहिरीत सापडली, मागं दोन वर्षांची पोर. आता जावई धाकट्या विमलला मागत होता. ओसरीवरचे पुरुष म्हणत होते, पोरीला मावशीइतकं कोण बघणार? स्वयंपाकघरातल्या बायका म्हणत होत्या, एक गिळली, आता दुसरीपण द्यायची का? विमलला शेजारी धाडलं होतं. जिचं लग्न तिला मत नाही, हा घरचा रिवाज.

बैठकीचं हे खूळ गुरुजींचंच. शाळेत ते नागरिकशास्त्र शिकवायचे. अठ्ठ्याहत्तरच्या मे महिन्यात दिल्लीत एका विधेयकावरून लोकसभा आणि राज्यसभेचं जमेना. मग दोन्ही सभागृहं एकत्र बसली, मतं मोजली, बहुमतानं निकाल लागला. गुरुजी पेपर वाचून हरखले. हौसेला मोल नसतं. त्याच आठवड्यात शकूच्या स्थळावरून घरात वाजलं होतं. त्या माणसाचा हात लय चालतो, असं बायकांच्या कानावर आलेलं. दिल्ली करते ते आपण का नाही, म्हणून गुरुजींनी सगळ्यांना एकत्र बसवलं. स्वतः अध्यक्ष झाले. अध्यक्षानं मत द्यायचं ते फक्त समसमान झाल्यावर. पुरुष चार, बायका तीन. शकूचं लग्न मंजूर झालं, आणि गुरुजी त्या दिवशी दोन घास जास्तच जेवले.

शकू गेली आणि त्यांचं मोजणं बिघडलं. वर्गात अभिरूप संसद भरवली की हात मोजताना एक जास्तच भरायचा. मुलं हसायची. घरी ते स्वयंपाकघराच्या दाराकडं पाठ करून जेवायला बसायचे. बायकोनं, लताबाईंनी, कितीदा विचारलं. ते ताट सरकवून उठायचे.

आज मात्र ते दाराकडं तोंड करून बसले होते.

ठरावाच्या बाजूनं चार हात वर झाले. विरोधात म्हातारी आई, लताबाई आणि भावजय. धाकटा भाऊ खंडेराव उठायलाच लागला. चार-तीन झालं, उद्या जावयाला कळवून टाकू, म्हणाला.

"बस खाली. चार-चार आहेत," गुरुजी म्हणाले. "आणि अध्यक्षाचं मत विरोधात. ठराव पडला."

खंडेरावानं त्यांची नजर होती तिकडं वळून पाहिलं. दारात कुणी नव्हतं.

"दादा, चौथा हात कुणाचा?"

"शकूचा. मागच्या बैठकीला चहा घेऊन आली, तेव्हा दारात उभी राहून तिनं वर केला होता. मी पाहिला आणि मोजला नाही. तिनं तो अजून खाली घेतलेला नाही."