पाठमोरी

“तोंड मिटायचं. आता जे काय बोलायचं ते शीट बोलेल,” मॅडम म्हणाल्या आणि सॉफ्टबोर्डसमोरच्या उंच पोराचा चेहरा पडला. त्याचं वाचनालय तोंडाने ऐकलं तर राजवाडा होता. कागदावर नुसता डबा.

आर्किटेक्चरचा अख्खा वर्ग हसला.

“दात काढू नका. तुमचंही तेच आहे. घर बांधून घेणारा तुमचं भाषण ऐकत बसत नाही. कागद बघतो आणि उठतो. डोक्यातलं डोळ्यांना दिसलं पाहिजे.”

शेवटच्या बोर्डापाशी मांजर उभी होती. हे नाव वर्गाने ठेवलेलं. ती कधी आली आणि कधी सटकली, कुणाला पत्ता लागत नसे. यंदाच दुसऱ्या कॉलेजातून बदली घेऊन आली होती. तिचा विषय होता एकट्या बाईसाठी लहानसं घर. प्लॅन नेटका, रेषा स्वच्छ, पण सगळं ओसाड.

“माणूस कुठंय?” मॅडमनी विचारलं. “ओटा उंच की बुटका, खिडकी कुणाच्या नजरेला येते, हे माणसाशिवाय कसं कळणार? माणूस टाक ग.”

“टाकू?”

“विचारतेस काय!”

बाकीची मुलं छापील माणसं चिकटवत. हातात बॅग, पाय कायम ढांगेत. मांजरीने पुढच्या आठवड्यात हाताने काढून आणलं. स्वयंपाकघराच्या टोकाशी, ओट्यापाशी एक पाठमोरी बाई. डावं पाऊल उजव्या पावलावर ठेवलेलं. उजवा हात उलट्या तळव्याने कमरेवर.

मॅडमची पेन्सिल हवेतच थांबली.

असं उभं राहणारं माणूस त्यांनी आयुष्यात एकच पाहिलं होतं. आई गेली तेव्हा त्या सहा वर्षांच्या होत्या. आत्याकडे राहायला पाठवलं होतं. परत आल्या तर आईचं कपाट रिकामं. भिंतीवर फोटोही नव्हता. बाबांना बघवत नाही, असं आत्या म्हणे. “गेलेल्या माणसाचं नाव काढू नये, बाळ,” हेही तीच म्हणे. चेहरा तर कधीच पुसट झाला. उरली होती ती ओट्यापाशी उभी असलेली पाठ.

“कोण आहे ही?” मॅडमनी विचारलं.

“स्केलसाठी आहे, मॅडम, मापं कळावीत म्हणून. तुम्हीच म्हणालात.”

घरी चहा पिताना त्यांनी बाबांना सांगितलं. हसत हसत, उडवून लावल्यासारखं. बाबांनी भिंग पेपरावर ठेवलं.

“कुठली मुलगी ती?”

“नवीन आहे. का हो?”

“सहज.” त्यांनी भिंग पुन्हा उचललं. “त्या वर्गाला दुसरं कुणी शिकवू दे. थकलीयेस तू. मन खेळ करतं माणसाशी.”

मन खेळ करत असेलही. पण पुढच्या शीटवर ती बाई दारापर्यंत आली होती. त्यापुढच्या शीटवर व्हरांड्यात. प्रत्येक वेळी थोडी मोठी, थोडी जवळ, आणि प्रत्येक वेळी पाठमोरी. मॅडम दिवसाढवळ्या वर्गात शिरताना आधी त्या बोर्डाकडे बघू लागल्या. घरी ओट्यापाशी उभं राहिलं की मागे कुणीतरी आहे असं वाटे. वळावं तर कुणी नाही. एकदा सहज खाली पाहिलं, तर त्यांचंच डावं पाऊल उजव्यावर चढलेलं. त्यांनी ते झटकन खाली घेतलं.

वर्ग सोडावा असं त्यांनाही वाटलं. पण भीतीला पाठ दाखवली की ती मानगुटीवर बसते. अंतिम परीक्षणाच्या आधी त्या मांजरीच्या टेबलापाशी जाऊन उभ्या राहिल्या.

“रेखाटन चांगलं आहे तुझं. पण पाठ करून उभा असलेला माणूस बघणाऱ्याला काही सांगत नाही. वळव तिला.”

मांजरीने मान वर केली. डोळ्यांत पाणी होतं की दिव्याचा उजेड, कळेना.

“नक्की वळवू, मॅडम?”

“हो.” आवाज आपलाच आहे ना, अशी त्यांना शंका आली.

परीक्षणाच्या दिवशी बाहेरचे परीक्षक जेवायला गेले, मुलं पांगली. मोकळ्या वर्गात मॅडम त्या बोर्डापुढे एकट्या आल्या. घराच्या फाटकाशी, अगदी कागदाच्या कडेला, बाई आता समोर तोंड करून उभी होती. पांढरे केस, खोल गेलेले गाल. आणि चेहरा मॅडमचा. तेच रुंद कपाळ, तीच डाव्या भुवईत मोडलेली रेष. आरशाने वीस-पंचवीस वर्षं पुढचं दाखवावं, तसा.

त्यांचा हात आपोआप गालावर गेला. पोरीने माझं मरण काढून टांगलंय की काय!

मागे पाऊल वाजलं नाही, पण मांजर आलेली होती.

“म्हातारी करून टाकलंस ग मला,” मॅडम हसायला गेल्या.

“तुम्हाला नाही काढलं, मॅडम.”

“मग?”

मुलीने खिडकीतून खाली पाहिलं, ओढणीचं टोक मुठीत आवळलं.

“आजी आहे माझी. सकाळपासून खाली पायऱ्यांवर बसलीये. वर बोलावू का तिला... मावशी?”