चार नंबरची छाटणी

"आधी पंखे बंद करा," छाटणीच्या कामावरची हौसा म्हणाली.

अनुया मॅडमने तिच्याकडे पाहिलं. एप्रिलची सकाळ, साडेदहा वाजलेले, आणि विचुंब्याच्या त्या पॉलिहाऊसमध्ये आत्ताच छत्तीस अंश. पंखे थांबले तर अर्ध्या तासात चाळीसवर जाणार. बरं, ज्या झाडासाठी हा खटाटोप, ते दुपारी जाळायचं ठरलेलं.

झाड गांजाचं होतं. सरकारी परवान्यातलं, दहा फूट उंच, दोन माणसांच्या कवेत न मावणारं. अशी सहा मोठी झाडं ओळीने उभी होती, पण त्या जातीचं हे एकच. फिट येणाऱ्या मुलांच्या औषधावर अनुयाचं तीन वर्षांचं काम चाललं होतं ते या चार नंबरच्या भरवशावर. काल त्याच्या पोटात करडी बुरशी दिसली. नियम साधा होता : बुरशी खोडात उतरली असेल तर झाड मुळासकट जाळायचं. अनुयाच्या मते ती उतरली होती. हौसा म्हणत होती, नाही.

"ताई, दुपारी जाळायचंच आहे ते. कशाला घामाघूम होताय?"

"जाळायचाच हाय ना? मंग माझ्या हातानं आजून काय मरनार हाय त्याचा?"

अनुयाने बटण दाबलं. पंखे घरघरत थांबले.

हौसाने बादलीत फडकी भिजवली. एक फडकं पिळून तिने बुरशीच्या फांदीभोवती हलकेच गुंडाळलं, वरून पिशवी चढवली आणि मगच खालून कात्री लावली. बुरशीच्या भुकटीचा एक कण उडाला नाही.

"हे कुठे शिकलात?"

"भाताला काजळी धरली का लोंबी अशीच काढाची. नायतर सगल्या शेतात उडते. शिकाचा काय त्याच्यान? सासू बोंबलाची बांधावरशी."

वजनकाट्याजवळ नझीरभाई हसले. पनवेलच्या मोहल्ल्यातला हा माणूस बारा वर्षं मस्कतला काढून आलेला; इथे तुटलेलं प्रत्येक पान दोघांच्या देखत तोलायचं, सही घ्यायची आणि पेटीला कुलूप लावायचं, हे त्यांचं काम. त्या कटकटीपायी सगळ्यांनी एक सवय लावून घेतली होती. बाहेरून चार पानं खुडायची आणि पुढच्या झाडाकडे वळायचं. आठ महिने झाडाच्या आत कोणी हात घातला नव्हता. बाहेरून ते देखणं राहिलं. आत वारा शिरायला वाट उरली नाही. हौसाने दोनदा सांगितलं होतं. दोन्ही वेळा "बघू" असं उत्तर मिळालं होतं.

पहिल्या फांदीचा काप तिने अनुयासमोर धरला. मधोमध तपकिरी.

म्हणजे इथवर बुरशी आत उतरलेली.

दुसरी फांदी हौसाने आणखी आत, खोडापासून हातभरावर कापली. तीही तपकिरी. अनुयाने घड्याळ पाहिलं. "ताई, राहू दे आता."

"थांबा वो जरा."

ती गुडघ्यांवर बसली, मग सरळ झाडाखाली शिरली. बाहेर फक्त तिच्या टाचा दिसत होत्या. कात्रीचा आवाज येत राहिला आणि दर आवाजाला एकेक पिशवी बाहेर सरकत राहिली. नझीरभाई तोलत होते. "या अल्ला, हौसाबाई, आतमध्ये अजून एक झाड आहे काय?"

"हाय ना! तुमी आठ मयने तोलला नाय, त्याचा!"

मग आवाज थांबला.

"म्याडम. हिकरं या."

अनुया तशीच, पांढऱ्या कोटासकट, मातीत पालथी पडली. आत आता उजेड होता. हौसाने शेवटची फांदी अगदी खोडाजवळ कापली होती. तिचा काप पांढरट हिरवा होता, ओला, चकचकीत. हौसाने खोडावर नखाएवढी साल खरवडली. खाली हिरवं. अनुयाने तिच्या हातातून कात्री घेतली आणि स्वतः खरवडलं, वीतभर वर, वीतभर खाली, मागच्या बाजूने. भिंग लावून पाहिलं. पाच जागी पाहिलं.

"हिरवं आहे," ती म्हणाली. मग एकदम मोठ्याने, झाडाखालूनच, "नझीरभाई, हिरवं आहे! खोड स्वच्छ आहे!"

"मग या जाळायच्या फॉर्मचं काय करू?"

"फाडून टाका!"

"फाडता येत नाही, मॅडम. त्यावर नंबर छापलेला असतो." त्यांनी पेन उचललं. "रद्द मारतो." आणि त्यांनी कागदाच्या या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत अशी रेघ ओढली की खालच्या पानावरही वळ उठला.

बुरशीच्या सगळ्या पिशव्या बाहेर गेल्यावर पंखे सुरू झाले. चार नंबर आता अर्धाच उरला होता, पिसं काढलेल्या कोंबडीसारखा ओबडधोबड. पण वारा समोरून शिरला आणि पलीकडून बाहेर पडला, आणि पार भिंतीकडची पानंसुद्धा हलली. अनुया ती पानं बघत उभी राहिली. तिच्या कोटावर पुढून सगळी माती होती आणि ती झटकायचं तिला सुचलं नव्हतं.

हौसाने नझीरभाईंचं स्टूल ओढलं आणि बसली. इथे कामाच्या वेळेत ती आजवर कधी बसली नव्हती. नझीरभाईंनी पाण्याची बाटली तिच्यापुढे धरली.

अनुया कात्री घेऊन पाच नंबरच्या झाडापाशी गेली. एका बाजूने पाहिलं, दुसऱ्या बाजूने पाहिलं. वाकली, पुन्हा उभी राहिली. शेवटी वळली.

"हौसाताई, कुठून सुरू करू?"

हौसाने बाटली तोंडाला लावली होती. तिने घाई केली नाही. आधी सगळं पाणी संपवलं.