थांबायची मुदत

या मायबापहो, असे जवळ सरका. एक लहानशी गोष्ट सांगतो, कान देऊन ऐका.

"मेल पुन्हा अडकली रे!" मावशींनी दार उघडता उघडताच गाऱ्हाणं घातलं. "परदेशात लेक वाट बघत बसली असेल."

दुरुस्तीवाला चपला काढून आत आला. आई गेल्यापासून तो दुकानामागच्या खोलीत एकटाच राहायचा. पाव खाऊन दिवस काढायचा. कुणी आईचं नाव काढलं, की उठून चालता व्हायचा. पहिल्या खेपेला तर मावशींकडे पाणीसुद्धा घेतलं नव्हतं.

त्याने कॉम्प्युटरवर मेलचं सेटिंग उघडलं. मावशी चष्मा सावरत त्याच्या खांद्यावरून डोकावल्या.

"हा आकडा कसला रे?"

"थांबायची मुदत. प्रोग्राम सर्व्हरला हाक मारतो आणि उत्तराची वाट बघतो. तुमची लाइन पडली हळू. दहा सेकंदांत उत्तर आलं नाही, की हा वैतागून टाइमआउट म्हणतो."

"फारच उतावळा बाई!"

"मी दर वेळी तीनशे करून जातो. परत दहा कसे होतात, देवच जाणे."

"मग त्यालाच विचारते संध्याकाळी."

तो हसला. आकडा बदलला, आणि अडकलेली मेल सुर्रकन गेली.

"पैसे राहू द्या, मावशी."

"मग जेवून जा. पोटाला सेटिंग नसतं."

नको नको म्हणत तो जेवायला बसला आणि त्याने दोनदा वाढून घेतलं. हात धुताना आपणहून म्हणाला, "आई पण असंच आग्रह करून करून वाढायची." मग बराच वेळ तिच्याबद्दलच बोलत राहिला. मावशी नुसत्या हुंकार देत होत्या.

जिन्यात शेजारीण भेटली. "काय हो, परत बिघडलं?"

"बिघडू दे," तो हळूच म्हणाला. "एकट्या पडल्यात बिचाऱ्या. तेवढीच त्यांना सोबत."

त्याची पावलं खाली उतरेपर्यंत मावशी दाराशी उभ्या होत्या. मग कॉम्प्युटरपुढे बसून त्यांनी तीनशे खोडले आणि दहा लिहिले. खणातून एक जुना फोटो काढला. शाळेच्या पायरीवर दोन वेण्यांच्या दोन मुली, गळ्यात गळा घालून. त्यातल्या दुसरीच्या चेहऱ्यावरून त्यांनी पदर फिरवला.

"आज पोटभर जेवला गं तुझा लेक. आणि तुझं नावही काढलं."

मायबापहो, देवापुढे हात जोडाल तेव्हा त्या दुसरीचीही आठवण ठेवा.