तिला येतं सगळं

सर्व्हर पुन्हा अर्ध्यावर बंद पडला. 'या नावाचा डेटाबेस सापडत नाही,' एवढंच रडगाणं स्क्रीनवर. संध्याकाळच्या आत हे चालू झालं नाही तर काम दुसऱ्याकडे जाईल, असं साहेबांनी दादाला सकाळीच फोनवर स्वच्छ सांगितलं होतं.

"तिला दाखव की एकदा," आई स्वयंपाकघरातून म्हणाली. "तिला येतं सगळं."

ती म्हणजे धाकटी बहीण, सुट्टीला घरी आलेली. जावा प्रोग्रामिंगची पहिली ओळ तिला दादानेच शिकवली होती, याच टेबलावर. आता ती कुठल्या कुठे पोचली आणि घरात उठता-बसता तिचंच कौतुक. दादाच्या पोटात दुखायचं. दुखणारच ना.

बोलावण्याआधीच ती त्याच्या खुर्चीमागे येऊन उभी होती.

"दादा, नावावरून डेटाबेस शोधून देणारी लायब्ररी फाईल सर्व्हरकडे आहेच. तुझ्या अ‍ॅपच्या फोल्डरमध्ये त्याच कामाची एक जुनी पडलीय बघ. आधी तीच उचलली जाते आणि भलतीकडेच शोधत बसते. काढून टाक ती."

"तसं नसतं गं ते. तू चहा टाक जा."

"बरं. पण करून तर बघ."

ती गेली तशी त्याने ती फाईल काढली आणि सर्व्हर चालू केला. आणि तो मेला मुकाट चालू झाला की! लॉगिनचं पान समोर हजर.

दादा त्या पानाकडे बघत बसला. आता आई म्हणणार, बघ, सांगत नव्हते? मग मावशीला फोन, मग आत्याला. जन्मभर ऐकून घ्यायचं.

त्याने फाईल होती तिथे परत ठेवली. सर्व्हर पुन्हा चालू केला. तो बंद पडला.

बहीण कप घेऊन आली आणि स्क्रीन बघून तिचा चेहरा उतरला. "काढून बघितलीस?"

"बघितली की."

"मग मला नाही रे कळत, दादा."

"असू दे गं. अवघडच आहे ते," दादा म्हणाला, अगदी मायेने. चहा फक्कड झाला होता.

साहेबांचा फोन वाजायला लागला. दादाने तो पालथा घातला आणि स्वयंपाकघराकडे तोंड करून मोठ्याने सांगितलं, "आई, तिलाही नाही जमलं."