फुगायला हवे होते

"बघा, माझ्या हाताला गांधसुद्धा नाही," शेवंताबाईंनी डॉक्टरीणबाईंपुढे ऐटीत हात धरला.

परवा चपलांच्या कारखान्यात सगळ्या बायकांना टीबीच्या तपासणीची सुई टोचली होती. शिलाईवाल्यांपैकी बहुतेकींचे हात फुगले होते. सोल्युशन लावून सोल चिकटवणाऱ्या शेवंताबाईंच्या खोलीतल्या एकीचाही नाही.

डॉक्टरीणबाई त्या सगळ्यांचे सपाट हात पुन्हा चाचपत राहिल्या. "सर्दी-ताप लवकर बरा होतो?"

"कुठला? एक गेला की दुसरा. पण सुईला दाद दिली नाही आम्ही."

"द्यायला हवी होती. टीबीचे जंतू आपल्याकडे बहुतेकींच्या अंगात कधीतरी शिरलेले असतात; शरीर त्यांच्याशी झुंजलं की हात फुगतो. तुमच्या अख्ख्या खोलीची झुंजायची ताकदच कमी झालेली दिसते. तुमच्या खोलीत असं काय आहे, जे शिलाईच्या खोलीत नाही?"

शेवंताबाईंचं हसू ओसरलं. "सोल्युशनचा वास."

खोलीत परतल्यावर त्यांनी सोल्युशनच्या डब्याचं झाकण शोधायला घेतलं. ते कुणी कधी पाहिलंच नव्हतं.