सगळं उत्तम

शहराचे आवाजाचे नियम बदलण्यासाठी सुनावणी चालू होती. अधिकारी म्हणाला, "पत्र्याच्या कारखान्याला लागून या आजोबांचं घर. मी स्वतः जाऊन विचारलं, त्रास होतो का? म्हणाले, सगळं उत्तम! मग आवाजाची मर्यादा वाढवायला कुणाची हरकत?" आजोबांच्या लेकीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्याच कारखान्याच्या दणदणाटाने बाबांचे कान गेले होते. घरात कानातलं मशीन लावलं की ठोके मेंदूत घुसत, म्हणून ते काढूनच ठेवत आणि येईल त्याला अंदाजानेच हसून तेच उत्तर देत. ती ताडकन उठली. बाबांच्या कानातलं मशीन काढून तिने अधिकाऱ्यासमोर ठेवलं. "आता मी विचारते!" ती कडाडली. "बाबा, या साहेबांना भर चौकात जोड्याने हाणू का?" बाबा नेहमीसारखे हसले. "सगळं उत्तम!" "घ्या लिहून," ती अधिकाऱ्याला म्हणाली, "बाबांची हरकत नाही."